जॉर्जियातल्या १९४० च्या दशकातल्या खुनावर मराठी पॉडकास्ट करायचाय, कागदपत्रं कशी मिळवायची?

मृण्मयी_क

अटलांटाच्या डब्ल्यूएबीई रेडिओचा ‘बरीड ट्रुथ्स’ इथे बऱ्याच जणांनी ऐकला असेल. पत्रकार हँक क्लिबनॉफ एमरी विद्यापीठात विद्यार्थ्यांकडून जॉर्जियातल्या वर्णद्वेषी खुनांचा अभ्यास करून घेतात, त्या वर्गातून तो निघाला. पहिल्या पर्वात आयझाया निक्सन या कृष्णवर्णीय शेतकऱ्याची कथा आहे. ८ सप्टेंबर १९४८ ला त्यांनी माँटगोमेरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत दिलं आणि त्याच दिवशी घराच्या अंगणात, बायकामुलांसमोर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. दोन दिवसांनी ते गेले. गोळी झाडणारा माहीत होता, पकडलाही होता. गोऱ्या ज्यूरीने त्याला स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सोडलं.

त्याच काळातल्या, जॉर्जियातल्याच दुसऱ्या एका घटनेवर चार भागांची मराठी मालिका करायची आहे. आरोपी इथेही निर्दोष सुटलेला. प्रश्न असे:

१) काउंटीच्या कोर्टातल्या क्लार्कचं (नोंदी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचं) उत्तर आलं की साक्षींचं ट्रान्स्क्रिप्ट नाही. जाळलं असेल का? की द्यायचं नाहीये?
२) एफबीआयची फाइल भारतातून मागवता येते का?
३) इतक्या वर्षांनी कोणावर खटला होऊ शकतो का? श्रोते हे पहिल्यांदा विचारणार.
४) नातेवाइकांच्या मुलाखती फोनवर घ्याव्या लागतील. त्यात कायद्याची काही अडचण?

कागदवाचक

क्लार्क बहुधा खरं सांगतोय. त्या काळी गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात लघुलेखक साक्षी टिपून घ्यायचा, पण टिपणांवरून टाइप केलेली प्रत साधारणपणे आरोपी दोषी ठरला आणि प्रकरण वर गेलं तरच तयार व्हायची. सुटकेविरुद्ध सरकारपक्षाला अपील नाही. अपील नाही म्हणजे प्रत नाही, आणि लघुलिपीच्या वह्या कोण सांभाळतो? म्हणजे न्याय जिथे सर्वात उघडपणे नाकारला गेला तिथेच कागद सर्वात कमी. कोणी काही जाळायची गरजच पडली नाही.

तेव्हा ‘केस फाइल द्या’ असं लिहू नका. वह्यांची नावं घेऊन मागा: सुपीरियर कोर्टाचं (काउंटीत खुनाचे खटले चालायचे ते कोर्ट) मिनिट बुक म्हणजे कामकाजाची वही, क्रिमिनल डॉकेट म्हणजे खटल्यांची यादी, आणि आरोपपत्र. मिनिट बुकात निकालाची तारीख आणि ज्यूरीतल्या बारा जणांची नावं मिळतात, आरोपपत्रावर ग्रँड ज्यूरीची, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांची. कोर्ट वर्षभर बसायचं नाही. प्रत्येक काउंटीची सत्रं ठरलेली असायची. घटनेनंतरचं पहिलं आणि दुसरं सत्र, दोन्ही बघायला सांगा, म्हणजे क्लार्कला वर्षभराची वही चाळावी लागणार नाही. उत्तर किती दिवसांत येईल आणि प्रतीला किती पैसे पडतील, हे क्लार्कलाच विचारा. अर्जदार जॉर्जियाचाच हवा अशी अट नाही. (शेजारच्या अलाबामात मात्र रहिवासी लागतो. तिथला कागद हवा असेल तर तिथल्या ओळखीच्या माणसाच्या नावाने अर्ज करा.)

ज्यूरीची नावं हातात आली की खरं काम सुरू होतं. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते. १९५० ची १ एप्रिल २०२२ ला खुली झाली आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहे. १९४० ची तर आहेच. प्रगणक दारोदार ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने पानावर कुटुंबं येतात. आरोपीचं पान काढा आणि मागची-पुढची दोन-दोन पानं वाचा. ज्यूरीतला माणूस आरोपीचा शेजारी होता का, साक्षीदार कोणाच्या जमिनीवर वाट्याने शेती करत होता, घर स्वतःचं की भाड्याचं (हे १९४० च्या पानांवर), याचा अंदाज तिथे येतो. नावाचा शोध देऊन थांबलात तर हातातून निसटेल. संगणकाने वाचलेली हस्ताक्षरातली नावं फार चुकतात.

वर्तमानपत्रांचंही तेच. जॉर्जियाची जुनी वर्तमानपत्रं डिजिटल लायब्ररी ऑफ जॉर्जियावर फुकट वाचता येतात. काउंटीचं साप्ताहिक पानोपान वाचा: घटनेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत, आणि कोर्टाच्या सत्राचे अंक वेगळे. शोधखिडकीत ‘आयझाया’सारख्या नावाची तीन-चार स्पेलिंग टाकावी लागतील आणि तरीही बातमी सापडणार नाही, कारण मथळ्यात मृताचं नावच नसेल. आधीचे अंक अशासाठी की मतदारयादीतून नावं उडवण्याची हालचाल, उमेदवारांची भाषणं, शेरीफच्या जाहिराती तिथे येतात. मग तीच घटना ‘अटलांटा डेली वर्ल्ड’, ‘पिट्सबर्ग कुरियर’, ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत वाचा. विधवेचं नाव आणि तिचं म्हणणं बहुतेक वेळा तिथेच मिळतं. दोन्हीकडच्या तपशिलांत फरक असेल तर मधलं काहीतरी काढू नका. दोन्ही वाचून दाखवा.

एफबीआयबद्दल. आपल्या माहिती अधिकारात अर्जदार भारतीय नागरिक लागतो. अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्याच्या केंद्रीय कायद्यात, म्हणजे ‘फोइया’त, तशी अट नाही. पुण्यात बसून ऑनलाइन अर्ज करा. पण त्याआधी अमेरिकेच्या न्याय खात्याचं संकेतस्थळ बघा. २००८ च्या एमेट टिल कायद्याखाली जी जुनी प्रकरणं पुन्हा उघडून बंद केली, त्यांची प्रकरण-समाप्तीची पत्रं तिथे ठेवली आहेत. काही पानांत सगळं असतं: काय घडलं, कोणी साक्ष दिली, कोण कधी मेलं, खटला का होऊ शकत नाही. तुमचं प्रकरण त्यात असेल तर निम्मी वाट तिथेच संपली.

अर्जात हे नक्की लिहा:

- मृताचं नाव सगळ्या स्पेलिंगांसह, तारीख, काउंटी. नुसत्या नावावर शोध घेतला की ‘नोंद आढळली नाही’ असं येतं.
- मुख्यालय आणि क्षेत्रीय कार्यालय दोन्हींच्या फाइली हव्यात. नागरी हक्कांच्या फाइलचा वर्ग ४४. क्रमांक ४४ ने सुरू होतो. नंतरच्या काळात वांशिक घडामोडी १५७ खाली आहेत.
- ‘क्रॉस रेफरन्स’ही (इतर फाइलींतले उल्लेख) हवेत. हे स्पष्ट मागितलं नाही तर फक्त मुख्य फाइल शोधतात.
- ज्यांची नावं उघडी हवीत त्यांच्या मृत्यूचा पुरावा. श्रद्धांजलीची बातमी चालते. जन्माला १०० वर्षं उलटली असतील तर जन्मसाल दाखवलं तरी पुरतं. याशिवाय आरोपी, शेरीफ, साक्षीदार, सगळ्यांवर शाई फिरवलेली पानं येतील.

कायद्याने मुदत कामकाजाच्या २० दिवसांची आहे, प्रत्यक्षात महिने लागतात. सामान्य अर्जदाराला दोन तासांचा शोध आणि पहिली १०० पानं फुकट. ‘कागद राष्ट्रीय अभिलेखागाराकडे दिले’ असं उत्तर आलं तर तो नकार समजू नका, त्यात दिलेला फाइल क्रमांक उचलून तिकडे अर्ज करा. नकार आला तर ९० दिवसांत अपील.

शाई फिरवलेल्या चौकोनाशेजारचा संकेत वाचायला शिका. ७-सी म्हणजे व्यक्तीचा खासगीपणा. मृत्यूचा पुरावा जोडून तो पुष्कळदा सुटतो. ७-डी म्हणजे गुप्त खबऱ्या. तो सहसा सुटत नाही. ग्रँड ज्यूरीचं कामकाज तर आणखी कठीण. वॉल्टन काउंटीतल्या मूर्स फोर्ड पुलाजवळ जुलै १९४६ मध्ये दोन जोडप्यांना गोळ्या घातल्या. ग्रँड ज्यूरीने शंभरावर साक्षी घेतल्या, पण खुनासाठी कोणावरही आरोप ठेवला नाही. त्या साक्षी मिळाव्यात म्हणून इतिहासकार अँथनी पिच कोर्टात गेले आणि अकराव्या सर्किटच्या (जॉर्जिया ज्याच्या हद्दीत येतं त्या केंद्रीय अपील न्यायालयाच्या) पूर्णपीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं की नियमांबाहेर जाऊन त्या उघड करायचा अधिकार कोर्टाला नाही. निकाल बघायला पिचही हयात नव्हते.

आता एक वेगळी वाट आहे. जानेवारी २०१९ मध्ये सही झालेल्या कायद्याने १९४० ते १९७९ मधल्या अशा प्रकरणांचे सरकारी कागद एकत्र करून खुले करायचं ठरलं. मूळ मसुदा न्यू जर्सीतल्या हाइट्सटाउनच्या शाळकरी मुलांनी वर्गात तयार केला होता. कागद तपासणाऱ्या मंडळावर क्लिबनॉफ आणि नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या मार्गारेट बर्नहॅम हे दोघेही नेमले गेले. मंडळाने मोकळे केलेले कागद अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर येतात. ‘फोइया’ टाकण्याआधी तिथे एकदा शोधा.

शेवटचं, आणि माझ्या मते सर्वात मोलाचं: एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे कागद, लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये. गावातल्या शाखांनी न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला पाठवलेली पत्रं, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं, वकिलांची उत्तरं. निक्सन यांच्याच काउंटीत त्याच दिवशी शाखेचे अध्यक्ष डोव्हर कार्टर यांना, मतदारांना गाडीतून नेलं म्हणून, मारहाण झाली. असा माणूस कोर्टात ऐकला जात नाही. त्याचं म्हणणं शोधायचं ते इथे. एफबीआयचा एजंट पुष्कळदा शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) ऑफिसात बसून लिहायचा, आणि फाइल वाचताना ते सतत लक्षात ठेवावं लागतं. काळ्या साक्षीदाराने एजंटला ‘मी काही पाहिलं नाही’ म्हणणं हा पुरावा नव्हे; त्याला त्याच गावात राहायचं होतं.

जुना_वकील

कायद्याच्या बाजूचं मी सांगतो.

निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच राज्यात त्याच खुनाचा खटला पुन्हा चालत नाही, तो चौकात उभा राहून कबुली देवो. मिसिसिपीत मारल्या गेलेल्या एमेट टिल या काळ्या मुलाच्या खुन्यांनी तेच केलं: सप्टेंबर १९५५ मध्ये सुटले, जानेवारी १९५६ मध्ये पैसे घेऊन मासिकाला कबुली दिली, आणि काही झालं नाही.

मग जुने खटले उभे राहिले ते कसे? राज्याच्या कायद्यात खुनाला मुदत नसते, त्यामुळे आधी निकाल लागलाच नसेल तर दार उघडं असतं. नागरी हक्क चळवळीतले नेते मेडगर एव्हर्स यांच्या खुन्यावर, बायरन डी ला बेकविथवर, १९६४ मध्ये दोनदा खटला झाला, दोन्ही वेळा ज्यूरीत एकमत झालं नाही. एकमत न होणं म्हणजे सुटका नव्हे. म्हणून १९९४ मध्ये बेकविथ दोषी ठरू शकला. १९६४ च्या नेशोबा काउंटीतल्या नागरी हक्क चळवळीच्या तिघा कार्यकर्त्यांच्या हत्येत मिसिसिपीने खुनाचा खटला भरलाच नव्हता. १९६७ चा खटला केंद्राचा आणि हक्क डावलण्याच्या कटाचा. म्हणून २००५ मध्ये एडगर रे किलन दोषी ठरला, तोही खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासाठी. वेगवेगळ्या सरकारांचे खटले एकमेकांच्या आड येत नाहीत.

केंद्राची अडचण उलटी. नागरी हक्कांच्या गुन्ह्याला तेव्हा पाच वर्षांची मुदत होती. १९९४ मध्ये मृत्यू झाला असल्यास देहदंडाची तरतूद आली आणि मुदत गेली, पण ती मागच्या गुन्ह्यांना लागू करता येत नाही. म्हणून सरकारी वकील आडवाटा शोधतात. १९६६ च्या एका खुनाची जागा राष्ट्रीय वनाच्या हद्दीत निघाली, म्हणजे केंद्राची जमीन. अर्नेस्ट अव्हँट्स २००३ मध्ये दोषी ठरला, राज्याच्या खटल्यातून सुटलेला असूनही. जेम्स फोर्ड सीलला २००७ मध्ये अपहरणाच्या कलमाखाली धरलं, कारण १९६४ मध्ये मारलेल्या दोन काळ्या तरुणांना राज्याची सीमा ओलांडून नेलं होतं. तुमच्या घटनेत जागेची हद्द नकाशावर जरूर तपासा. पण आरोपी हयात नसेल तर हे सगळं पुस्तकी. शिक्षा झालेली प्रकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. श्रोत्यांना पहिल्याच भागात सांगून टाका.

दोन गोष्टी मालिकेत याव्यात असं वाटतं, कारण त्यांच्याशिवाय १९४० च्या दशकातला जॉर्जियाचा निकाल कळत नाही.

एक: जॉर्जियात तेव्हा फौजदारी आरोपीला शपथेवर साक्ष देताच येत नव्हती. तो बिनशपथेचं निवेदन करायचा. त्यावर उलटतपासणी नाही, आणि ज्यूरीला वाटलं तर शपथेवरच्या साक्षींपेक्षा तेच खरं मानायची मुभा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये फर्ग्युसन प्रकरणात या पद्धतीला धक्का दिला, तोवर असा नियम टिकवून ठेवणारं हे एकटंच राज्य उरलं होतं. नियमाचा त्रास काळ्या आरोपींनाही झालाच. पण गोऱ्याने ‘तो अंगावर आला म्हणून मारलं’ एवढं बोलून खाली बसावं आणि मृताच्या बायकोची मात्र उलटतपासणी व्हावी, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

दोन: गोरी ज्यूरी आपोआप तयार होत नव्हती. नावं कराच्या यादीतून यायची आणि ती यादीच वर्णानुसार वेगळी ठेवलेली. फुल्टन काउंटीत तर गोऱ्यांची नावं पांढऱ्या चिठ्ठीवर आणि काळ्यांची पिवळ्या चिठ्ठीवर लिहून एकाच पेटीत टाकत. काढणाऱ्याला रंग दिसायचा. हे १९५३ च्या अ‍ॅव्हरी प्रकरणाच्या निकालपत्रात नोंदलं आहे. ते लहान आहे, मूळ वाचा.

बदनामीचं: अमेरिकेत मृताची बदनामी होत नाही असं सर्वसाधारण तत्त्व. पण तुम्ही भारतातून प्रसारित करणार. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये (पूर्वीचं ४९९) मृतावर केलेला, त्याच्या कुटुंबाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. म्हणून ‘खुनी’ म्हणण्याऐवजी ‘आरोप ठेवला, ज्यूरीने सोडलं, साक्षीदार असं म्हणाली’ हा क्रम ठेवा. ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळतंच.

मृण्मयी_क

कागदवाचक, जुना_वकील, दोघांचे आभार. मिनिट बुक मागवतेय. फोनचं राहिलं. मृताची मुलगी फ्लोरिडात असते, एक पुतण्या जॉर्जियात.

खर्ज

फ्लोरिडात बोलणाऱ्या सगळ्यांची संमती लागते. जॉर्जियात एका बाजूची पुरते. भेद करत बसू नका. आधी विचारून होकार घ्या, मग रेकॉर्डिंग सुरू करून ‘हे ध्वनिमुद्रित होतंय, चालेल ना?’ पुन्हा विचारा, आणि तो होकार त्याच फाइलमध्ये असू द्या. लेखी संमतीत दोन वाक्यं वाढवा: मराठीत भाषांतर होईल आणि तुमचा मूळ आवाज खाली ऐकू येईल.

फोनवरचा आवाज वापरूच नका. समोरच्याच्या मोबाइलवर साधं रेकॉर्डिंग अ‍ॅप चालू करून फोन तोंडापासून वीतभर ठेवायला सांगा. संभाषण दुसऱ्या यंत्रावर. नंतर ती फाइल मागवून तुमच्या बाजूच्या फाइलशी जुळवा. सुरुवातीला टाळी वाजवायला लावली की जुळवणं सोपं जातं, पण तासाभरात दोन यंत्रांच्या घड्याळांत थोडा फरक पडतो, म्हणून शेवटीही एक टाळी घ्या. वयस्कर माणसाच्या शेजारी मदतीला कोणी असेल तरच हे जमतं. तुमचं रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, वेव्ह फाइल. आवाजाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. खोलीचा नुसता आवाज एक मिनिटभर घ्या, काटछाट झाकायला लागतो. फ्रिज आणि एसी बंद.

भाषांतराचा आवाज कधी आणायचा? मूळ आवाज तीन-चार सेकंद पूर्ण ऐकू द्या, मग तो १५ डेसिबलने खाली आणि वर मराठी, शेवटचे दोन शब्द पुन्हा मोकळे. मराठी वाक्य इंग्रजीपेक्षा लांब पडतं, त्यामुळे मूळ क्लिप संपूनही निवेदन चालूच राहतं. आधीच वाक्यं तोडून लिहा. तयार फाइल स्टिरिओ असेल तर उणे १६ एलयूएफएस (आवाज एकूण किती मोठा वाटतो याचं माप), मोनो असेल तर उणे १९. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वात उंच शिखर, उणे १ डेसिबलच्या वर नको.

एफबीआयचा अहवाल वाचून दाखवताना ‘अभिनय’ टाळा. सपाट वाचा. आणि कोर्टाचा हातोडा, पावसाचा आवाज, उसासे टाकणारी सारंगी, हे कृपया नको. मुलाखतीत मृताची मुलगी थांबली तर ती शांतता कापू नका, सॉफ्टवेअरचं ‘रिकाम्या जागा काढा’ हे बटण तर दाबूच नका.

पाराजी

वरचं सगळं मान्य, पण मुळात मांडणी रहस्यकथेची करू नका. निक्सन प्रकरणात कोणी मारलं हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तो पॉडकास्ट टिकला तो ‘सुटला कसा’ या प्रश्नावर: निवडणूक, शेरीफ, ज्यूरी, घर सोडून फ्लोरिडात गेलेलं कुटुंब, आणि हरवलेलं थडगं, जे विद्यार्थ्यांनी २०१५ मध्ये शोधलं. शेवटच्या भागापर्यंत नाव राखून ठेवाल तर श्रोत्याला वाटेल की खून एखाद्या अज्ञात राक्षसाने केला होता.

जुना_वकील

पाराजी, सरसकट नाही. नागरी हक्क चळवळीला साथ द्यायला गेलेले गोरे धर्मोपदेशक जेम्स रीब यांच्यावर १९६५ मध्ये अलाबामातल्या सेल्मात हल्ला झाला आणि त्यात ते गेले. तिघांवर खटला, तिघे सुटले. २०१९ मध्ये एनपीआरच्या पॉडकास्टने चौथा माणूस शोधून काढला, ज्याच्यावर कधीच आरोप नव्हता, आणि एका साक्षीदाराने तेव्हा खोटं सांगितल्याचं बाहेर आणलं. तिथे ‘कोण’ हाच प्रश्न होता. मृण्मयीताईंच्या प्रकरणात कोणता, ते मिनिट बुक आल्यावर कळेल.

कागदवाचक

आणि ते येईपर्यंत ‘फोइया’ आजच टाका, सर्वात उशिरा तेच येणार. आरोपीच्या मृत्यूचा पुरावा हाताशी नसला तरी अर्ज थांबवू नका. नंतर त्याच अर्ज क्रमांकावर पाठवता येतो. आलेल्या प्रत्येक पानाला फाइल क्रमांक आणि पान क्रमांक देऊन तक्ता करा: तारीख, कोण म्हणालं, कोणाला, कुठल्या पानावर. निवेदनातल्या प्रत्येक वाक्यासमोर त्या तक्त्याची ओळ लिहिता आली नाही तर ते वाक्य काढा.